बेडूकउडीचं उद्दिष्ट

बारावीला चांगले मार्क पडलेल्या मुलीने पुढे काय करायचं, हे आपल्याकडे तिला सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या भाचीच्या बाबतीतही ते ठरलेलं होतं. ऐन वेळी तिने होम सायन्स कॉलेजचा फॉर्म भरला आणि सांगून टाकलं, की लहान मुलांच्या शिक्षणात पदवी घेऊन आपण बालवाडीत काम करणार. आधी कोणीच काही बोललं नाही, मग सगळे एकदम बोलले. तिचे बाबा म्हणाले, "बालवाडीसाठी पदवी?" काकाने फी विचारली. शेजारच्या काकूंनी सगळ्यांची समजूत घातली, "असू दे हो, पुढेमागे स्वतःच्या मुलांना उपयोगी पडेल." डॉक्टर होणाऱ्या मुलीला 'बरं झालं, घरातली सर्दी-पडशी घरीच निघतील' असं कोणी म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

खरा मुद्दा काढला तो माझ्या आईने. "माझ्या सासूबाईंनी अकरा मुलं वाढवली. त्यांच्याकडे कुठली पदवी होती?"

या प्रश्नापुढे भलेभले गप्प होतात. भाची झाली नाही. "आजी, अकरा होती, पण ती एकाच वेळी तीन वर्षांची होती का? मोठी आत्या धाकट्यांना कडेवर घेऊन फिरायची, तूच सांगतेस. मला एका खोलीत वीस जण मिळणार, सगळे तीन वर्षांचे. त्यातला एकही दुसऱ्याला कडेवर घेणार नाही." हा विसाचा आकडा तिच्या मनातला नव्हता. २०१३च्या राष्ट्रीय धोरणाला जोडून जे निकष ठरले, त्यांत तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस सांगितलंय. आईने मनातल्या मनात वीस तीन वर्षांची मुलं एका खोलीत बसवून पाहिली असावीत, कारण ती उठून देवापाशी दिवा लावायला गेली.

पहिल्या सत्रात भाचीला कोणी काही शिकवायला दिलं नाही. कॉलेजच्या आवारातल्या बालवाडीत एका कोपऱ्यात बसायचं, बोलायचं नाही, हसायचं नाही, मदतीला धावायचं नाही, फक्त दिसेल ते वहीत उतरवायचं, असं काम होतं. ही निरीक्षणवही म्हणजे या पदवीचा पाया. पहिल्या दिवशी तिने लिहिलं, 'मुलगी हट्टी आहे. मनोरा पडल्यावर तिने रागाने ठोकळे फेकले.' बाईंनी लाल शाईने विचारलं, 'हट्टी कुठे दिसलं? राग कुठे दिसला?' दोन्ही शब्द खोडायला लावले. मग पुढची नोंद अशी झाली: 'चौथा ठोकळा तिसऱ्यावर ठेवला. मनोरा पडला. दोन ठोकळे भिंतीकडे टाकले. खाली बसली. पायाचा अंगठा धरून बसली. उठली. तेच दोन ठोकळे आणले. खालचा ठोकळा आडवा, रुंद बाजूने ठेवला.'

बाईंनी शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली. मुलीच्या शिकण्याचा क्षण तिथे होता. 'हट्टी' असा शेरा मारून वही मिटली असती, तर ठोकळा आडवा झालेला कुणाच्या नजरेला पडला नसता. आपण मोठी माणसं मुलांकडे बघतो ते असे शेरे मारायलाच. हा लाजाळू, ही आगाऊ, तो अगदी आजोबांवर गेलाय. मूल तीन वर्षांचं होईतो त्याचं प्रगतिपुस्तक नातेवाइकांनी भरून टाकलेलं असतं.

या शिस्तीचा घराला त्रास सुरू झाला. रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली आणि सराव म्हणून एक पान लिहून गेली. 'मामाने वाटी ताटात ठेवली. आवाज झाला. भुवया वर गेल्या. आमटीकडे पाहिलं. मामीकडे पाहिलं नाही.' मामा रागावला, असं त्यात कुठेही नव्हतं, त्यामुळे मला हरकत घ्यायला जागा उरली नाही. बायकोने मात्र ते पान जपून ठेवलंय.

दुसऱ्या वर्षी पियाजे आला. झां पियाजे या स्वित्झर्लंडच्या माणसाने मुलांच्या विचारांची जी उतरंड मांडली, ती या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थिनीला पाठ करावी लागते. भाचीने ती करूनच बघायची ठरवली. तळमजल्यावरचा साडेचार वर्षांचा पाहुणा बोलावला. दोन सारख्या ग्लासांत सारखं सरबत ओतलं. सारखं आहे ना? आहे. मग त्याच्यासमोर एका ग्लासातलं सरबत एका उंच, निमुळत्या ग्लासात ओतलं. आता जास्त कशात? पाहुण्याने क्षणाचाही विलंब न लावता उंच ग्लासाकडे बोट दाखवलं. साधारण सात वर्षांपर्यंत मुलं असंच सांगतात, हे पियाजेने लिहून ठेवलंय.

भाचीचे बाबा इंजिनिअर आहेत. हे अज्ञान डोळ्यांदेखत घडलेलं त्यांना सहन होईना. त्यांनी सरबत पुन्हा पहिल्या ग्लासात ओतून दाखवलं, परत उंच ग्लासात ओतलं, उंची आणि रुंदी यांचा संबंध सांगितला. पाहुणा प्रत्येक वेळी मान डोलावत होता. शेवटी "मग कळलं ना? आता तुला कुठलं हवं?" असं विचारल्यावर त्याने उंच ग्लास उचलला आणि पिऊन टाकला. समजावून सांगितल्याने समज येतेच असं नाही, ती यायची तेव्हा येते, हे सिद्ध करायला इंजिनिअरचं अर्धा लिटर सरबत खर्ची पडलं. रसवंतीगृहात जाड बुडाचा उंच ग्लास पाहून आपण चाळिशीतही फसतो ही गोष्ट वेगळी. तो ग्लास ज्याने पहिल्यांदा आणला, त्याला पियाजे न वाचताच कळला होता.

पण मला या अभ्यासक्रमातलं सर्वांत पटलेलं प्रकरण मनगटाचं. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मलेल्या बाळाच्या मनगटात ती हाडं म्हणून नसतातच, नुसती कूर्चा असते. पुढे वर्षानुवर्षं एकेक टणक होत जातं आणि शेवटचं व्हायला नऊ-दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. तीन वर्षांच्या मुलाचा एक्स-रे काढला, तर मनगटाच्या जागी बरीचशी मोकळी जागा दिसते. या मोकळ्या जागेच्या जोरावर आपण त्याला चार रेघांच्या वहीत ए, बी, सी गिरवायला बसवतो आणि अक्षर वाकडं आलं की म्हणतो, लक्ष नाही.

भाचीच्या अभ्यासक्रमात लिहिण्याची तयारी पेन्सिलीपासून फार दूर सुरू होते. कणीक मळणं, मटार सोलणं, मणी ओवणं, ओल्या फडक्याचं पाणी पिळणं, वाळूत बोट फिरवणं. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, सर्वांत शेवटी बोटं. अडचण एवढीच, की यातलं काहीच पालकांना अभ्यास वाटत नाही. बालवाडीच्या दारात रोज बारा वाजता एकच प्रश्न उभा असतो, "आज काय लिहून घेतलं?" "आज मटार सोलले" या उत्तराने एकाही बापाचं समाधान झाल्याचं ऐकिवात नाही. उलट एकाने विचारलं होतं म्हणे, "मग भाजी कुणाकडे गेली?"

तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा तिने घरी साभिनय सांगितली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, इस्त्रीची साडी, नाकावर चष्मा, समोर मार्कांचा तक्ता. एकेका विद्यार्थिनीने आत जायचं, स्वतः शिवलेली हातबाहुली दाखवायची, गोष्ट सांगायची आणि एक बडबडगीत हावभावांसह म्हणायचं. भाचीच्या गीतात बेडूक होता. साडी खोचून ती परीक्षकांसमोर तीन उड्या मारून आली. धाप लागलेली असतानाच प्रश्न आला, "बेडूकउडीचं उद्दिष्ट?"

"स्थूल स्नायूंचा विकास, तोल सांभाळणं, ताल ओळखणं."

"आणखी?"

"सूचना ऐकून थांबता येणं."

"आणखी?"

भाची म्हणाली, "मजा येणं." परीक्षक बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, तक्त्यात काहीतरी लिहिलं आणि "या" म्हणाल्या. मार्क चांगले पडले, म्हणजे मजेचेही धरले असावेत.

गंमत अशी, की ज्यांनी हे शास्त्र उभं केलं त्यांच्यापैकी कुणाकडेही ही पदवी नव्हती. किंडरगार्टन काढणारा फ्रोबेल आधी जंगलखात्याची उमेदवारी करून आला होता, मग बर्लिनला स्फटिकांचा अभ्यास करत होता. त्याने मुलांच्या हाती दिलेले गोल आणि चौकोनी ठोकळे बघितले की तो अभ्यास वाया गेला नाही हे कळतं. मारिया माँटेसरी डॉक्टर. रोमच्या गरीब वस्तीत १९०७ साली तिने पहिलं बालगृह उघडलं, तेव्हा तिच्याजवळ वैद्यकाची पदवी होती, अध्यापनाची नव्हती. पियाजेची डॉक्टरेट तर शंखशिंपल्यांतल्या मऊ प्राण्यांवर. गोगलगायींचा पिच्छा पुरवून झाल्यावर तो स्वतःच्या तीन मुलांकडे वळला. आणि आपल्या शेजारच्या भावनगरचे गिजुभाई बधेका वकील. कोर्ट सोडून ते बालमंदिरात गेले आणि 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, झाले. वकिलीचा तिथे किती उपयोग झाला ठाऊक नाही. पण दोन चार वर्षांची मुलं एकाच तीनचाकीवर हक्क सांगत असतील, तर साक्षीपुरावे तपासणारा माणूस बरा.

हे ऐकून भाचीचा काका लगेच म्हणाला, "म्हणजे पदवी लागत नाही, हेच सिद्ध झालं." काकाची घाई आहे. ही माणसं जंगल, स्फटिक, दवाखाना, गोगलगायी आणि कोर्ट असा वळसा घालून मुलांपर्यंत पोचली, आणि वाटेत जे सापडलं ते मागून येणाऱ्यांसाठी लिहून गेली. पुढच्या प्रत्येकीने पुन्हा गोगलगायींपासून सुरुवात करू नये, म्हणून अभ्यासक्रम असतो.

आपल्याकडे हा वळसा ताराबाई मोडकांनी घातला. बी.ए. झालेल्या, राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य राहिलेल्या ताराबाई १९२३ साली भावनगरला गिजुभाईंकडे गेल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरला शिशुविहार. इथवर सगळं शहरी, नीटनेटकं. मग १९४५ साली त्या उठून बोर्डीला गेल्या आणि तिथे माँटेसरीच्या महागड्या साहित्याला समुद्रकिनाऱ्याने पर्याय दिला. मोजायला शिंपले, रंग ओळखायला पानंफुलं, ओवायला बिया. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊन बसवली. अंगणवाडी ती ही. पुढे १९५७ साली बिऱ्हाड डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरं राखायला रानात जात, म्हणून शाळाही कुरणात गेली. मूल शाळेत येत नसेल तर चूक शाळेची, ही कल्पना आजही आपल्या पचनी पडलेली नाही; तिथे तिची रोज अंमलबजावणी होत होती.

ताराबाईंच्या जोडीला होत्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, मग शिकून मास्तरीण. बोर्डीला त्या आल्या तेव्हा पस्तिशीच्या होत्या. शेकडो मुलांना न्हाऊमाखू घालून, गाणी म्हणून, खेळवून झाल्यावर, पन्नाशी उलटल्यावर १९६१ साली त्या बी.ए. झाल्या. मला हा क्रम फार आवडतो. आधी वर्षानुवर्षं काम, मग पदवी. विद्यापीठाने त्यांना पदवी दिली हे खरं, पण त्या परीक्षेला बसल्या तेव्हा कोण कुणाची परीक्षा घेत होतं, हा प्रश्न उरतोच.

सध्याही तसंच काहीसं चाललंय. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ठरवलं, की बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांनी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करायचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांनी वर्षाचा डिप्लोमा. शिकावं जरूर. पण आमच्या भागातल्या अंगणवाडीच्या ताईंचं कामाचं पान बघितलं, तर सहा महिने कुठून काढायचे हाच पहिला स्वाध्याय ठरेल. मुलांची वजनं घ्यायची, उंच्या मोजायच्या, ते सगळं मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये चढवायचं, गरोदर बायकांची नोंद ठेवायची, लसीकरणाच्या दिवशी घरोघर हाका मारायच्या, आहार वाटायचा. यातून वेळ उरला तर पूर्वप्राथमिक शिक्षण. आणि हे सगळं मानधनावर. सेविकांना ग्रॅच्युइटी मिळायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावं लागलं, आणि २०२३च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या.

शहरात वेगळी तऱ्हा. सोसायटीच्या तळमजल्यावर भिंतीला कार्टून रंगवून जी बालवाडी निघते, तिच्या दारावरची पाटी वाचावी. 'लेडी टीचर पाहिजे. इंग्रजी फर्डं हवं. अनुभवाची गरज नाही.' मनगटातल्या हाडांची चौकशी करणारी पाटी माझ्या पाहण्यात नाही. कायद्याचाही या वयाकडे काणाडोळाच. शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षी मुलाचा हात धरतो; त्याआधीच्या वर्षांसाठी सरकार सोय 'करू शकतं', एवढंच त्यात म्हटलंय.

एकूण आपल्याकडे शिक्षकाचा मान विद्यार्थ्याच्या उंचीवर ठरतो. साडेपाच फुटी विद्यार्थी असले की प्राध्यापक, साडेचार फुटी असले की सर, तीन फुटी असले की 'त्या मुलं सांभाळतात.' भाचीच्याच विषयात बघा. तीन वर्षांच्या मुलांबद्दल वीस वर्षांच्या मुलींना जे शिकवतात, त्यांना वेतनश्रेणी आहे. त्याबद्दल शोधनिबंध वाचणाऱ्यांना विमानाचं भाडं मिळतं. प्रत्यक्ष त्या मुलाशेजारी जमिनीवर जी बसते तिला पगार विचारू नये. मुलापासून जितकं लांब जावं, तितका मुलांचा अभ्यास फायद्याचा होत जातो.

तरीही भाचीने नोकरी धरली ती मुलापाशीच. शेवटच्या वर्षाची उमेदवारी जिथे केली त्याच बालवाडीत. आता ती काय करते, हे मी एकदा जाऊन पाहिलं. ती काहीच करत नव्हती. रंगकाम संपलं होतं आणि चार वर्षांचा एक मुलगा कपडे खराब होऊ नयेत म्हणून घातलेल्या डगल्याच्या बटणाशी झटत होता. बटण काजापर्यंत यायचं, कडेवर अडायचं, निसटायचं. मुलाची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. माझे हात शिवशिवायला लागले. दोन सेकंदांचं काम. मदतनीस बाई पुढे झाल्या, तर भाचीने नजरेने त्यांना थांबवलं. मग तिने काय करावं? स्वतः तसलाच डगला चढवला, मुलाच्या शेजारी मांडी घालून बसली आणि आपलं बटण, जणू आयुष्यात पहिल्यांदाच पाहतोय अशा संथपणाने, बोटांत धरलं. एका हाताने काज ताणलं. बटण आडवं केलं. अर्धं आत सरकवलं. थांबली. पलीकडून चिमटीत पकडलं. तोंडातून शब्द नाही. मुलगा स्वतःचं बटण सोडून तिच्या बोटांकडे बघत राहिला. दुसऱ्या बटणाला तिने मुद्दाम अडखळायला सुरुवात केली.

मग मुलाने तिचे हात बाजूला केले, तिचं बटण लावून दिलं, आणि त्याच ओघात आपलीही तिन्ही लावली.

विद्यापीठाने तीन वर्षं तिला शिकवलं ते हे. उत्तर येत असताना न देणं, हात पोचत असताना मागे ठेवणं, आणि हे सगळं आपल्याला काही येतच नाही असं वाटावं इतक्या सफाईने करणं. नुसत्या मायेला हे जमत नाही. माया पहिली धावते ती बटण लावायलाच. आमच्या घरातल्या अकरा मुलांना वाढवणाऱ्या आजीला सगळ्यांवर माया करायला वेळ नव्हता, म्हणून त्यांची बटणं त्यांनीच लावली असतील.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाची आई शाळेच्या दारात थांबली होती. मुलाने घरी जाऊन सांगितलं होतं, की आमच्या ताईंना साधं बटण लावता येत नाही, रोज मलाच लावून द्यावं लागतं. बाईंनी भाचीला जरा बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "राग मानू नका, पण तुमचं शिक्षण किती झालंय हो?"

"चालू आहे अजून," भाची म्हणाली.